ठिपक्याला ठिपका

फोटोवरचा पांढरा ठिपका म्हणजे धुळीच्या कणाची सावली, असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. सावली कधी पांढरी असते का? डार्करूममध्ये असते. तिथे निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घालतात, वरून दिवा लावतात आणि निगेटिव्हमधून गाळून आलेला उजेड खालच्या कागदावर पडतो. जिथे उजेड जास्त पडेल तिथे कागद डेव्हलपरमध्ये काळा होतो, जिथे पडणार नाही तिथे कोरा राहतो. निगेटिव्हवर बसलेला कण उजेड अडवतो आणि त्याच्याखालचा कागद कोराच राहतो. मग आजोबांच्या काळ्या कोटावर नेमका छातीपाशी एक पांढरा ठिपका उठून दिसतो. तो कितीही झटका, पुसा, जाणार नाही. तिथे काही चिकटलेलंच नाही. तिथे असायला हवी होती ती चांदी नाही, एवढंच.

ही उणीव ब्रशने भरून काढायचं काम म्हणजे स्पॉटिंग. सोलापूरच्या एका स्टुडिओत मी अकरावी झाल्यावर पावत्या फाडायला लागले आणि पुढे कित्येक वर्षं हेच काम करत राहिले. मालक फोटो काढत, डार्करूममध्ये एक पोरगा असे, आणि उत्तरेच्या खिडकीशी एक म्हातारे रिटचर बसत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. डोळे अधू व्हायला लागले तसं त्यांनी प्रिंटचं काम माझ्याकडे सरकवलं. निगेटिव्हवरची पेन्सिल मात्र शेवटपर्यंत कुणाच्या हाती दिली नाही.

सोलापूरच्या धुळीबद्दल वेगळं सांगायला हवं. हे चादरींचं गाव. पूर्व भागात घरोघरी यंत्रमाग चालत, आणि सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत राहत. ते कपड्यांवर येत, केसांत येत, दाराच्या फटीतून डार्करूममध्ये येत. मातीचा कण प्रिंटवर गोल किंवा कंगोऱ्यांचा ठिपका देतो. सुताचा तंतू शेवयीच्या तुकड्यासारखी वळलेली पांढरी रेघ देतो, आणि ती हमखास नवरीच्या गालावर किंवा मोकळ्या आभाळात येते. मास्तर प्रिंट हातात घेऊन एका नजरेत सांगत, ही माती, हे सूत, हा पोराच्या स्वेटरचा धागा. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होई की फिल्म कापडाने पुसली की तिच्यावर विजेचा भार यायचा आणि पुसण्याआधी होती त्याहून जास्त धूळ ती ओढून घ्यायची. पावसाळ्यात धूळ कमी, पण बुरशी. बुरशी निगेटिव्हवरचं जिलेटिनच खाते. तिच्यापुढे ब्रशचं फार चालत नाही.

काळ्या ठिपक्याची कुळकथा उलटी आहे. कॅमेऱ्यात फिल्मवरच धूळ बसलेली असेल तर तिच्याखाली फोटो उमटत नाही, निगेटिव्हवर पारदर्शक भोक राहतं आणि प्रिंटवर काळा ठिपका येतो. फिल्म धुताना डेव्हलपरमधला हवेचा बुडबुडा चिकटून बसला तरी तेच होतं, फक्त तो ठिपका नीट गोल असतो. निगेटिव्हच्या चांदीच्या बाजूला ओरखडा पडला, तिथली चांदी निघाली, की काळी रेघ. पाठीच्या बाजूला पडला तर बहुधा पांढरी, कारण ओरखडा तिथला उजेड फाकवून टाकतो. या पाठीच्या ओरखड्यावर जगभरच्या डार्करूममध्ये एकच फुकटचं औषध चालत आलेलं आहे. नाकपुडीच्या बाजूला बोट फिरवायचं आणि तिथलं तेल ओरखड्यावर हलकंच चोळायचं. तेल खाचेत बसतं, उजेड सरळ जातो, रेघ नाहीशी होते. आमचा डार्करूमचा पोरगा हे काम फार अभिमानाने करी.

डागाचं माप कणावर नाही, मोठं किती करायचं त्यावर ठरतं. एक दशांश मिलिमीटरचा कण घ्या. जुन्या क्वार्टर प्लेट निगेटिव्हवरून दहा बाय आठ इंचांचा फोटो करायचा तर निगेटिव्ह सुमारे अडीच पट वाढतं, डागही पाव मिलिमीटरचा होतो; तो कुणाला दिसत नाही. १२० च्या रोलवरचं चौकोनी निगेटिव्ह साडेचार पट वाढवावं लागतं. आणि ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर तोच कण साडेआठ पट होऊन जवळजवळ मिलिमीटरभर दिसतो. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला, छोट्या फिल्मने फोटोग्राफर मोकळा झाला, हे सगळे सांगतात. स्पॉटिंगवाल्याचं काम त्याच दिवशी वाढलं, हे कुणी सांगत नाही.

आमच्याकडे सर्वांत जास्त घाम काढी तो हाराचा फोटो. घरातलं माणूस गेलं की लोक धावत येत. तेराव्याला भिंतीवर फोटो हवा. आणि बरोबर काय आणलेलं असे? लग्नाच्या ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत उभं असलेलं डोकं, नाहीतर मिलच्या ओळखपत्रावरचा शिक्का बसलेला फोटो. मालक त्याची कॉपी काढत, म्हणजे फोटोचा फोटो, आणि मग बोटाच्या पेराएवढा चेहरा बारा बाय दहापर्यंत वाढवत. त्या वाढीत जुन्या प्रिंटवरची धूळ, तिच्या सुरकुत्या, कॉपीच्या निगेटिव्हवरची नवी धूळ, सगळं एकदमच मोठं होऊन माझ्या टेबलावर येई. घरची माणसं बाकड्यावर बसून राहत. कुणी म्हणे, "बाई, ओठांवरचा तो डाग राहू द्या, तो तीळ आहे त्यांचा." म्हणून अशा फोटोला ब्रश लावण्याआधी मी घरच्यांना विचारूनच घेई, चेहऱ्यावर त्यांची स्वतःची खूण कुठली.

धूळ मुळात येऊच न देणं हे निम्मं काम. सकाळी डार्करूममध्ये पाण्याचा सडा मारायचा, पंखा बंद ठेवायचा, लोकरीचे कपडे बाहेर काढून आत जायचं. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. फिल्म वाळली की तिच्यावर पांढरे थेंब राहत. म्हणून शेवटचं धुणं मोटारच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात, त्यात पाणी न थबकता ओघळावं म्हणून वेटिंग एजंटचे दोन थेंब. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घालण्याआधी कान धुण्याच्या रबरी फुग्याने हवा मारायची. तोंडाने फुंकर कधीही मारायची नाही, थुंकीचा तुषार उडतो. निगेटिव्ह दोन काचांमध्ये धरलं तर ते सपाट राहतं, पण धूळ बसायला सहा पृष्ठभाग होतात. काचेशिवाय धरलं तर दोनच. मालकांनी काचा काढून ठेवल्या तेव्हा माझं काम एकदम हलकं झालं. अमेरिकेत तर पोलोनियम या किरणोत्सर्गी धातूची पट्टी बसवलेले ब्रश दुकानात मिळत. त्या किरणांनी भोवतीची हवा भारित होते, फिल्मवरचा विजेचा भार निघून जातो आणि धूळ सुटते. ठिपका पुसायला माणूस कुठल्या थराला जातो बघा.

एवढं करूनही प्रिंटवर ठिपके येतातच. मग टेबल.

टेबलावर पांढरी चिनी मातीची बशी, टिपकागद, पाण्याची वाटी, भिंग आणि ब्रश. नवशिका माणूस सर्वांत बारीक ब्रश मागतो. तो चुकीचा. अगदी किडकिडीत ब्रशमध्ये रंग मावत नाही आणि बशीवरून प्रिंटवर येईपर्यंत तो सुकतो. सेबलच्या केसांचा, पोट भरलेला पण टोक सुईसारखं येणारा ब्रश हवा. टोक चांगलं असेल तर शून्य नंबरसुद्धा चालतो. परदेशी स्पॉटोन रंगाची बाटली आम्हाला क्वचित बघायला मिळे. कॅम्लिनचे पारदर्शक फोटो कलर सोलापुरात मिळत, त्यांतले काळा, निळा, तपकिरी मिसळून आम्ही भागवत असू. पारदर्शक हा शब्द इथे महत्त्वाचा. हा रंग जिलेटिनमध्ये जिरतो. पोस्टर कलरसारखा जाड रंग वर थर होऊन बसतो आणि फोटो तिरका धरला की लगेच उघडा पडतो.

रंग बशीत ओतून वाळू द्यायचा. ओल्या ब्रशने कडेकडेने उचलला की गडदपासून अगदी फिक्यापर्यंत सगळ्या छटा त्याच डबक्यात मिळतात. मग ब्रश टिपकागदावर ओढायचा, फिरवत फिरवत, जोवर तो ओली रेघ सोडायचा थांबत नाही तोवर. कोरडा वाटेल इतका कोरडा. त्याच कागदाच्या कापून काढलेल्या पांढऱ्या कडेवर छटा बघायची. काळ्यापांढऱ्या फोटोतला काळा कधीच नुसता काळा नसतो. ब्रोमाइड कागदाचा काळा निळसर, थंड; क्लोरोब्रोमाइडचा तपकिरीकडे झुकलेला. सेपिया टोन द्यायचा असेल तर स्पॉटिंग त्यानंतरच, नाहीतर सगळा फोटो तपकिरी होतो आणि माझे ठिपके काळेच राहतात. छटा जुळवायची ती खिडकीच्या उजेडात, पण एकदा बल्बखालीही बघायची, कारण एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्यात फुटतो. हाराच्या फोटोवर बहुतेक घरांत रात्री बल्बच असे.

आता खरं काम. डाग रंगवायचा नाही. डागाच्या आत ठिपके द्यायचे, एकापासून एक सुटे, आसपासच्या छटेपेक्षा फिके. फोटोचा करडा रंग मुळात चांदीच्या बारीक कणांचा बनलेला असतो, सलग कुठेच नसतो. म्हणून सलग भरलेला डाग डोळ्याला परका वाटतो आणि ठिपक्यांनी भरलेला वाटत नाही. कडेला ब्रश लागू द्यायचा नाही. रंग कडेबाहेर गेला की तिथे आधीच्या काळेपणावर तो चढतो आणि डागाभोवती काजळी कडी उमटते, मग पांढऱ्या डागापेक्षा ती कडी जास्त दिसते. एक फेरी झाली की थांबायचं, दुसऱ्या डागाकडे जायचं. रंग जिरायला वेळ लागतो, ओला असताना एक दिसतो, वाळल्यावर दुसराच. मग परत येऊन अजून दोन ठिपके. आणि छटा पूर्ण जुळायच्या आतच हात थांबवायचा. जरासा फिका राहिलेला डाग नजर ओलांडून जाते. जरासा गडद झालेला ती पकडते. अति झालंच तर प्रिंट पुन्हा वाहत्या पाण्यात धुवायची, रंग बराचसा निघतो, आणि पुन्हा सुरुवात.

सुताच्या रेघेला आणखी एक युक्ती लागते. रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरत गेलं तर शेवटी पांढऱ्या रेघेच्या जागी करडी रेघ तयार होते. तिला आधी मध्येच तोडायचं, मग प्रत्येक तुकड्याला मध्ये तोडायचं. डोळ्याला सलगपणाची ओढ असते. चार ठिकाणी तुटलेली रेघ त्याला रेघ वाटतच नाही. बऱ्याचदा राहिलेले तुकडे भरायचीही गरज पडत नाही.

जागाही बघावी लागते. झाडाच्या पानांत, नऊवारीच्या काठात, गर्दीत दहा ठिपके असले तरी कुणाला पत्ता लागत नाही. तिथे वेळ घालवणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे फुकट. कोऱ्या करड्या आभाळात एक ठिपका तासभर खातो. चेहऱ्यात सर्वांत अवघड बुबुळाशेजारची जागा. डोळ्यातली चमक हाही पांढरा ठिपकाच असतो, आणि तो भरून टाकला की माणूस आंधळा दिसतो. दोन डोळ्यांत चमक एकाच बाजूला आहे का, हे बघून मगच ब्रश टेकवायचा.

मास्तर ब्रशला टोक आणायला तो सरळ जिभेवर फिरवत. त्यात तथ्य होतं. लाळेने टोक तर येतंच, पण रंग प्रिंटवर गोळा होऊन बसत नाही, जिरतो. मीही तेच शिकले आणि संध्याकाळी घरी जाताना माझी जीभ काळी असे. आज कुणी शिकायला आलं तर मी हे करू देत नाही. रंगात काय असतं ते बाटलीवर लिहिलेलं नसे, आणि पाण्यात वेटिंग एजंटचा थेंब टाकला तर तेच काम होतं. एप्रिल-मेमध्ये ब्रश बशीवरून प्रिंटवर येईतो सुके, तेव्हा प्रिंटवर तोंडाने वाफ सोडून जिलेटिन जरा मऊ करायचं. पावसाळ्यात उलट. जिलेटिन आधीच फुगलेलं, रंग घटाघट पितं, म्हणून छटा आणखी फिकी घ्यायची.

चकचकीत फोटो हा वेगळाच ताप. त्या काळी ओली प्रिंट क्रोमच्या पत्र्यावर दाबून तापवत, म्हणजे आरशासारखी चकाकी येई. ब्रशचा ओलावा लागला की तेवढ्या जागेची चकाकी जाते आणि समोरून न दिसणारा डाग तिरक्या उजेडात मॅट ठिपका होऊन दिसतो. त्यावर रंगात डिंकाच्या पाण्याचा अंश घालत. नंतर प्लास्टिकचा थर दिलेले कागद आले. ते धुवायला सोपे, वाळायला झटपट, पण रंग आत ओढून घ्यायला त्यांच्याकडे जाडी कमी. मला जुना जाड कागदच आवडे. मॅट असेल तर फारच.

काळा ठिपका ब्रशने जात नाही. काळ्यावर काळं भरून काय होणार. एक मार्ग खरवडण्याचा. शस्त्रक्रियेच्या पात्याने वरचा थर इतका हलका खरवडायचा की चांदी कमी होईल पण कागद दिसणार नाही. मॅट कागदावर हे जमतं, चकचकीतवर खरबरीत जखम राहते. दुसरा मार्ग रसायनाचा. हॉवर्ड फार्मर या इंग्रज माणसाने १८८३ साली पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपो यांचं मिश्रण चांदी विरघळवायला सुचवलं आणि ते आजही त्याच्याच नावाने चालतं. काडीला कापूस गुंडाळून तेवढ्याच जागी लावायचं आणि क्षणात धुवून टाकायचं. तिसरा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. निगेटिव्हवरचं पारदर्शक भोक अपारदर्शक रंगाच्या थेंबाने बुजवायचं. प्रिंटवर काळ्याच्या जागी पांढरा डाग येतो, आणि पांढऱ्याचं काय करायचं ते आपल्याला ठाऊक असतंच.

मास्तरांचं काम याच्या पुढचं होतं. त्यांच्यासमोर उतरती लाकडी चौकट असे, तिच्या खाली आरसा, वर निगेटिव्ह. त्यावर मीडियम नावाचं राळेचं पातळ वार्निश चोळलं की पेन्सिल चढते. कडक शिशाची पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून बोटभर लांब टोक काढायचं आणि निगेटिव्हवर बारीक वळणं घेत छटा भरायची. निगेटिव्हवर जिथे शिसं चढेल तिथे प्रिंट उजळ होते. मुरूम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं याच पेन्सिलीने जाई. आणि देवीचे व्रणही.

भारतातली देवीची साथ १९७५ साली संपली आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. पण ज्यांना लहानपणी देवी येऊन गेल्या त्या मुली माझ्या वयाच्या होत्या, आणि तेव्हा लग्नाच्या वयात आल्या होत्या. स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी आया त्यांना घेऊन येत. "मास्तर, गाल तेवढे गुळगुळीत करा," हे हळू आवाजात सांगितलं जाई. मास्तरांचा नियम ठरलेला होता. आठ दिवसांत जाणारी पुटकुळी काढायची; जन्माची खूण सौम्य करायची, नाहीशी करायची नाही. बघायला आलेली माणसं फोटो एक आणि मुलगी दुसरी म्हणून उठून गेली तर त्यात कुणाचं भलं, असं ते विचारत. मला त्यांचा नियम पटतो. फक्त एक गोष्ट तेव्हाही खटके. आई बोले, मास्तर बोलत, मालक दर सांगत. स्टुलावर बसलेल्या मुलीला काय हवंय हे कुणी विचारत नसे.

धूळ आणि खूण यांतली रेघ मोठमोठ्या लोकांनीही आपापल्या सोयीने ओढली आहे. अमेरिकेचे अॅन्सल अॅडम्स यांचा सिएरा नेवाडा पर्वतावरच्या हिवाळी पहाटेचा १९४४ चा प्रसिद्ध फोटो आहे. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळ काढलेला. तिथल्या शाळेच्या मुलांनी डोंगरउतारावर पांढऱ्या दगडांनी गावाची आद्याक्षरं मांडली होती. अॅडम्स यांनी ती निगेटिव्हवरून काढून टाकली, आणि राहिलेला अंश ते प्रत्येक प्रिंटवर ब्रशने भरत. हे त्यांनी लपवलं नाही, १९८३ च्या आपल्या पुस्तकात स्वतःच लिहिलं. निसर्गावरचा ओरखडा आपण का जपावा, अशी त्यांची बाजू. मला विचाराल तर तो फोटो सुंदर आहे आणि ते स्पॉटिंग नव्हे. ती अक्षरं निगेटिव्हवर नंतर पडलेली नव्हती, डोंगरावर होती.

याच्या दुसऱ्या टोकाला आपले नारायण विनायक विरकर. मुंबईच्या या छायाचित्रकाराने १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत जाऊन गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंतींचे फोटो काढले. भिंतीशी उभी माणसं बोटाने खुणा दाखवताहेत. अशी निगेटिव्ह एखाद्या उत्साही, हात बसलेल्या स्पॉटिंगवाल्यापुढे आली तर काय होईल याची कल्पना करा. त्या फोटोत भिंतीवरचा प्रत्येक टवका पुरावा आहे. ब्रश उचलण्याआधी निगेटिव्ह भिंगाखाली घ्यायचं ते यासाठी. धुळीच्या कणाची कड फोटोतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त धारदार असते. तरी शंका असेल तर निगेटिव्ह साफ करून पुन्हा एक प्रिंट काढायची. धूळ जागा बदलते, खूण बदलत नाही.

रंगीत लॅब आल्या आणि आमच्या टेबलाची गरज संपली. आता माझा पुतण्या स्कॅनर लावून जुनी निगेटिव्ह स्कॅन करतो. त्याच्या स्कॅनरमध्ये धूळ आपोआप काढायची सोय आहे. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड फिल्ममधून सोडतो. रंगीत फिल्मचे रंग तो आरपार जाऊ देतात, धूळ अडवते, त्यामुळे धूळ कुठे आहे ते यंत्राला कळतं. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हवर ही सोय चालत नाही. तिथे चित्रच चांदीचं, आणि चांदीही इन्फ्रारेड अडवते. यंत्राला आजीचा चेहरा आणि धूळ सारखीच दिसते. म्हणून पुतण्यालाही शेवटी माउस घेऊन एकेक ठिपका काढत बसावं लागतं, आणि मला त्याचा थोडा आनंद होतो, हे कबूल. फोटोशॉपमध्ये २००२ पासून हीलिंग ब्रश आहे, तो शेजारचा पोत उचलून डागावर बसवतो. नियम तेच: लहान टोक, शेजारची जागा नीट निवडणं, तीळ ओळखणं. मोबाइलवरची नवी अॅप मात्र ठिपके काढता काढता चेहरेच नवे करतात. परवा एका बाईंनी वडिलांचा असा साफ केलेला फोटो दाखवला. डाग एक नव्हता. डोळे दुसऱ्याच कुणाचे होते.

तुमच्या घरात जुने फोटो असतीलच. मूळ प्रिंटला स्वतः ब्रश लावू नका. जिलेटिनमध्ये जिरलेला रंग नंतर पूर्ण काढता येईलच असं नाही. ती स्कॅन करा किंवा तिची कॉपी काढून घ्या आणि डाग कॉपीवर काढा. पिनने, नखाने, ओल्या फडक्याने काहीही खरवडू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. आणि सगळ्यात आधी निगेटिव्ह शोधा. ते लोखंडी पेटीत, लग्नाच्या अल्बमच्या मागच्या खिशात, स्टुडिओच्या खाकी पाकिटात सापडतं. फक्त कडांना धरा, कोरड्या साध्या कागदाच्या पाकिटात एकेक पट्टी ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळू नका, पाकिटावर नाव पेन्सिलीने लिहा, तेही निगेटिव्ह आत घालण्याआधी. ओलीच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका.

तुमच्या गावात एखादा जुना स्टुडिओ बंद होत असेल तर मालकांना भेटा आणि तुमच्या घरच्या फोटोंची निगेटिव्ह माळ्यावर आहेत का ते विचारा. उशीर करू नका. जुनी निगेटिव्ह चांदी काढण्यासाठी किलोवर विकली जातात.